दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

११ जानेवारी, रविवार

डॉक्टरबाईंनी सांगितलंय, रोज किती दुखतं ते लिहून ठेवा. शून्य ते दहा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. मी विचारलं, "असह्य झालं आणि तरी क्लास घेतला, तर कितवा आकडा लिहायचा?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तेही लिहा." म्हणून ही वही. आकड्यांत माझं काही भागणार नाही, तेव्हा सगळंच लिहिणार आहे. आवडलं तर वाचा, नाहीतर आकडे तेवढे बघा, बाई.

मी गाडी शिकवते. माझं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे मी आणि ठमी. ठमी ही पांढरी, गुबगुबीत, दोन्ही बाजूंनी खरचटलेली गाडी. शिकणाऱ्याच्या पायाशी असतो तसाच माझ्याही पायाशी एक ब्रेक आहे. शिकणारा घाबरला की स्टिअरिंगला मिठी मारतो आणि ब्रेक मी मारते. ही सवय इतकी अंगात मुरलीय की मी दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसले तरी माझा पाय पायपुसणीत खड्डा पाडत असतो. नवरा म्हणतो, तू पाळण्यात बसलीस तरी ब्रेक मारशील. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. घरात त्याला मी मिस्त्री म्हणते, आणि राग आला की 'अहो मिस्त्री'.

आता आजार. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसलंच अस्तर माझ्या गर्भाशयाच्या बाहेर वाढतं. बीजकोशावर, आतड्यावर, जिथे त्याचं काही काम नाही तिथे. दर महिन्याला ते सुजतं, रक्त गाळतं, आणि बाहेर पडायला वाट नाही म्हणून आतच चिकटून बसतं. याला एन्डोमेट्रिओसिस म्हणतात, हे मला गेल्या वर्षी ऑपरेशन झालं तेव्हा कळलं. शाळेत असल्यापासून दुखतंय. तोवर त्याचं नाव 'नाटक' होतं.

आणि आम्हाला मूल हवंय. लिहिताना एका ओळीत मावतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, काही तपासण्या करू, जूनपर्यंत वाट बघू, तोवर काही झालं नाही तर जूनमध्ये आयव्हीएफ सुरू. बीजकोशाची अवस्था बघता ती संधी एकदाच, फार तर दोनदा मिळेल. त्यानंतरचं त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

आज दुखणं: तीन. म्हणजे चैन.

१५ जानेवारी, गुरुवार

सासूबाई आल्या. दोन बॅगा आणि स्वतःची उशी घेऊन आल्या, म्हणजे मुक्काम मोठा आहे. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या, पण शाळेतून. मुख्याध्यापिकेच्या पदावरून नाही. या वहीत त्यांना मी हेडबाई म्हणणार. तोंडावर 'आई' आहेच.

"तुझ्या मदतीला आलेय," म्हणाल्या. आल्या आल्या माझे मसाल्याचे डबे उंचीनुसार लावले. आता मला काहीच सापडत नाही.

मिस्त्रीला बाजूला घेऊन विचारलं, "किती दिवस?" तर म्हणतो, "आई आहे गं ती, लिफ्ट नाही, किती वेळात निघेल ते सांगायला."

२३ जानेवारी, शुक्रवार

रिपोर्ट आले. दुष्काळात तेरावा महिना. पोटातलं कमी होतं म्हणून की काय, गळ्यातही निघालं. माझ्या रक्तात माझ्याच थायरॉइडच्या विरुद्ध अँटिबॉडीज आहेत आणि थायरॉइड बिचारं धापा टाकतंय.

"शरीराचे पहारेकरी असतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाहेरचे जंतू हाकलायचे हे त्यांचं काम. काही जणांचे पहारेकरी घरच्याच माणसाला चोर समजून झोडपतात. त्याला ऑटोइम्यून म्हणायचं."

"आणि पोटातलं? तेही तेच?"

"पाळीचं थोडं रक्त बऱ्याच बायकांच्या पोटात उलटं जातं. बहुतेकींचे पहारेकरी ते झाडून टाकतात. तुमच्यासारख्यांचे पहारेकरी झाडायचं सोडून नुसता आरडाओरडा करतात, असं दिसतं. मग सूज येते, सगळं एकमेकाला चिकटतं. त्या गोंधळात बीजाचं नीट होत नाही, गर्भ रुजत नाही."

"म्हणजे ऑटोइम्यूनच."

"शेजारी राहतो तो त्या आजारांच्या. त्याच घरात राहतो, असं अजून कोणी सिद्ध केलेलं नाही. ज्यांना हा असतो त्यांच्यात थायरॉइडसारखे आजार जास्त सापडतात, एवढं खरं. कोणामुळे कोण, ते अजून नीट माहीत नाही. थायरॉइड मात्र मला सुधारता येतं. रोज सकाळी एक गोळी, उपाशीपोटी. चहा अर्ध्या तासानंतर."

बाकी सगळं ऐकून घेतलं. चहाचं ऐकून माझा चेहरा पडला.

घरी येऊन सगळ्यांना समजावून सांगितलं. हेडबाई चष्मा पुसत ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे कुंपणच शेत खातंय म्हण की." मिस्त्री म्हणाला, "आई, डॉक्टरांनी अर्धा तास घेतला, तू एका वाक्यात आटपलंस." त्या खूश. मी मात्र दिवसभर त्या कुंपणाचा विचार करत होते. माझंच कुंपण. त्याला मी काय केलं होतं?

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नऊ. काल दहा होतं.

गरम पाण्याची पिशवी, भिंतीकडे तोंड, गुडघे छातीशी. हेडबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि गेल्या. मला वाटलं, आता मनात म्हणत असतील, आमच्या वेळी हे असलं नव्हतं. थोड्या वेळाने पिशवीतलं पाणी बदलून आणलं. मीठ जास्त झालेलं सूपही आणलं. मी प्यायले नाही. आता वाटतं प्यायला हवं होतं.

या महिन्यातही नाही. म्हणजे ते नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज पुन्हा माणसात. नवा विद्यार्थी आला. आयुष्यभर विमानं चालवली, गाडी कधीच नाही. विमानतळावर न्यायला-आणायला गाडी यायची म्हणे. आता निवृत्त झाले, बायको म्हणाली, मला बाजारात तरी ने. मी त्यांना कॅप्टन म्हणते.

कॅप्टन गाडीत बसले. आरसे तपासले. पट्टा तपासला, माझाही तपासला. दिवे, वायपर, हॉर्न. मग पुन्हा आरसे. मी म्हटलं, "कॅप्टन, आपण फक्त कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जाणार आहोत." ते म्हणाले, "विमान पडतं ते याच विचाराने." क्लासचा निम्मा वेळ संपला तरी ठमी जागची हलली नव्हती. शेवटी हलली ती मागे. मी ब्रेक मारला, कॅप्टन म्हणाले, "छान उतरलो."

हसून हसून माझं पोट दुखलं. हे दुखणं कुठल्या आकड्यात लिहू?

२५ फेब्रुवारी, बुधवार

कुठेतरी पाणी मुरतंय. हेडबाई रोज दुपारी जेवण झालं की बाहेर जातात. "जरा पाय मोकळे करून येते." पाय मोकळे करायला कोणी चष्मा बदलून जातं का? आणि नवे सपाट बूट घेतलेत, पातळ तळाचे. येतात तेव्हा घामाघूम, गाल लाल, आणि कधी कधी एकट्याच हसत असतात.

मला माहीत आहे कुठे जात असतील. कोणीतरी 'मूल होण्याचं औषध' देणारा गाठला असेल. एक दिवस माझ्या भाजीत काहीतरी पूड पडणार आणि मला कळणारही नाही. मिस्त्रीला म्हटलं तर तो म्हणाला, "आई विज्ञान शिकवायची." मी म्हटलं, "सुनेसाठी विज्ञान बाजूला ठेवणाऱ्या बायका खूप बघितल्यात मी." त्याने पंखा पुसायला घेतला. विषय टाळायचा असला की तो काहीतरी पुसतो.

१२ मार्च, गुरुवार

आज दोन गोष्टी.

एक: हेडबाई जेवणाच्या टेबलापाशी बसून हातात थाळी धरून ती इकडून तिकडे फिरवत होत्या. मला वाटलं, पुसतायत. पण फडकं हातात नव्हतं. आणि टेबलाखाली एक पाय हळूहळू, अगदी हळूहळू वर उचलत होत्या. मी विचारलं, "आई, गुडघा दुखतोय का?" त्या दचकल्या. म्हणाल्या, "हो हो. गुडघाच." मलम आणून दिलं. तोंड वाकडं करून लावलं त्यांनी.

दुसरी: कॅप्टन म्हणाले, "तुमच्या घरातल्या बाई काल पिवळ्या गाडीत दिसल्या." पिवळी गाडी म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरचं ड्रायव्हिंग स्कूल. माझा वैरी. माझे तीन विद्यार्थी पळवलेत त्याने, 'प्रेमळ प्रशिक्षण' अशी पाटी लावून. मी काय प्रेमळ नाही? ओरडते, पण प्रेमाने ओरडते.

आता सगळा उलगडा झाला. माझ्या तब्येतीचं, माझ्या बुडवलेल्या क्लासचं सगळं तिकडे पोचतंय. घरातलीच बाई वैऱ्याच्या गाडीत बसते! मिस्त्रीला सांगितलं. त्याने खिडक्या पुसल्या. सगळ्या.

२९ मार्च, रविवार

आज कोणी घरात नाही, तर खरं लिहिते.

मला मूल हवंय, की मला हरायचं नाहीये? इतकी वर्षं दर महिन्याला एकच पेपर द्यायचा आणि दर महिन्याला नापास. मी रोज लोकांना पास करते. बागेसमोर ठमी उभी करून बसले होते. एक बाई पोराचं नाक पुसत होती आणि ते पोर मान फिरवून फिरवून तिला दमवत होतं. मला हेवा वाटला नाही. मला वाटलं, ती चुकीचं करतेय. डोक्यामागे हात धरायचा म्हणजे मान फिरवता येत नाही. म्हणजे मला नाक पुसायचंय. स्पर्धा जिंकायची असती तर नाकाचा विचार कशाला आला असता?

हे उत्तर मला पटलंय. जरा रडले. मग ठमीला धुतलं.

दुसरी गोष्ट लिहायला नको वाटते. मला स्वतःच्या शरीराचा राग येतो. कोणी घरातल्या माणसावर संशय घेत राहिलं तर त्याच्याशी बोलणं सोडतो ना आपण, तसं मी त्याच्याशी बोलणं सोडलंय. ते काही सांगायला आलं की मी म्हणते, गप्प.

१७ एप्रिल, शुक्रवार

थायरॉइडचा आकडा खाली आला! डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून बघून "छान" म्हटलं. त्यांच्या तोंडून 'छान' म्हणजे लोकांच्या ढोलताशासारखं. म्हणाल्या, पाळी थोडी मागेपुढे होईल, घाबरू नका. जूनच्या दोन तारखेची वेळ घेऊन ठेवली. आयव्हीएफ त्या दिवशी ठरवायचं.

मी त्यांना सांगितलं, आता घरी ती तपासणीची पट्टी वापरणार नाही. वर्षभरात इतक्या पट्ट्या झाल्या. एक रेघ, एक रेघ, एक रेघ. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर आता ताकाच्या वाटेलाच जाणार नाही. दोन तारखेला काय ते बघा तुम्हीच. त्या म्हणाल्या, "बरं."

येताना मिस्त्रीने वाटेत गाडी थांबवून आइसक्रीम घेतलं. थायरॉइडच्या नावाने. दोन दोन कांड्या खाल्ल्या आणि उन्हात बसून राहिलो. इतक्या दिवसांनी आम्ही दोघं आजारपणाबद्दल एक शब्दही न बोलता बसलो होतो. तो मधेच म्हणाला, "तुझ्या नाकाला लागलंय." मी म्हटलं, "पूस मग." पुसलं.

४ मे, सोमवार

पाळी आली. नावापुरती, दोन डाग आणि संपली. दुखलंही नाही. थायरॉइडची कृपा. दुखणं: एक. हा आकडा लिहिताना पेन अडखळलं, सवय नाही.

हेडबाईंनी विचारलं, "झाली का गं?" मी म्हटलं, "झाली, थोडी." तर म्हणाल्या, "थोडी म्हणजे किती थोडी?" माझा पारा चढला. म्हटलं, "आई, हे आता वर्गात फळ्यावर लिहू का?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मुलाने गृहपाठ दुसऱ्याकडून करून आणलाय की काय अशा नजरेने.

१३ मे, बुधवार

कॅप्टन पास झाले! चढावर गाडी थांबवली, पुन्हा उचलली, एक बोटभरही मागे नाही. परीक्षक म्हणाले, "इतके आरसे कोणी बघत नाही." कॅप्टननी मला सलाम ठोकला आणि मी भर रस्त्यात हमसून हमसून रडले. लोक थांबून बघायला लागले. कॅप्टन घाबरून म्हणाले, "अहो, मी परत जाऊन नापास होऊ का?"

मला काय झालंय कळत नाही. काल बिस्किटाच्या जाहिरातीवर रडले. त्यात कोणी मेलंही नव्हतं.

आणि झोप. सिग्नलला डोळे मिटतात. आज दुपारी ठमीत बसल्या बसल्या झोपले, शिकणारी मुलगी बिचारी मला उठवायची हिंमत होत नाही म्हणून गाडी एका जागी सुरू ठेवून बसून राहिली.

२१ मे, गुरुवार

पेट्रोलचा वास सहन होत नाही. मला! जिला पेट्रोलपंपावर गेलं की माहेरी आल्यासारखं वाटतं. आज पंपावर नाकाला ओढणी लावून उभी राहिले तर पंपावरच्या बाईने विचारलं, "कोणी दगावलं का?"

मी सगळं जुळवून बघितलंय. थकवा, रडू, झोप, वास. पहारेकऱ्यांनी नवीन घर शोधलेलं दिसतंय. पोट झालं, गळा झाला, आता काय, नाक? दवाखान्यातल्या त्या माहितीपत्रकात लिहिलंच आहे, एक ऑटोइम्यून असला की दुसरा यायला वेळ लागत नाही. थायरॉइडची गोळीही सोसत नसेल. दोन तारखेला डॉक्टरबाईंना एकेक गोष्ट विचारणार आहे. आणि अशा शरीरात त्या मूल रुजवायला निघाल्यात. मला तर वाटतंय, त्या मलाच म्हणतील, बाई, आता सोडून द्या.

तसं म्हटलं तर मी काय करीन, ते लिहिता येत नाही.

२९ मे, शुक्रवार

हेडबाईंशी भांडण.

ठमीचं चाक पंक्चर. मी डिकीतून जादाचं चाक काढत होते. या धावत आल्या आणि चाक माझ्या हातातून ओढलं. "ठेव ते खाली!" मी म्हटलं, "आई, हा माझा धंदा आहे." तर म्हणाल्या, "धंदा राहू दे बाजूला. मी लावते." आणि लावलं! आधी नट सैल केले, मग जॅक लावला, मग नट आडवेतिडवे आवळले, अगदी बरोबर. मी रागात होते म्हणून कौतुक केलं नाही. चाक लावायला कुठे शिकल्या, हेही विचारलं नाही. पिवळ्या गाडीवाल्याकडे दुसरं काय करणार!

त्यात सकाळी उठल्या उठल्या मळमळतं. तर या मी डोळे उघडायच्या आत उशाशी कोरडी बिस्किटं आणून ठेवतात. आणि गोळीनंतरचा अर्धा तास होऊन गेला तरी चहाचा कप हातात देत नाहीत. "चहा नको आता जास्त." हेही नको, तेही नको. मी ओरडले, "माझ्या घरात माझ्यावर इतका पहारा कशाला?"

त्या म्हणाल्या, "दोन तारखेपर्यंत मला काही बोलायचं नाही." आणि खोलीत गेल्या. दार मात्र हळू लावलं.

मिस्त्रीने अख्खं कपाट पुसलं.

२ जून, मंगळवार

आज लिहवत नाही. उद्या.

३ जून, बुधवार

आता लिहिते. नीट, पहिल्यापासून.

काल मिस्त्री आम्हाला दवाखान्यात नेणार होता. सकाळी फोन आला, "मी लिफ्टमध्ये अडकलोय." मी म्हटलं, "दुरुस्त कर ना मग." म्हणाला, "दुरुस्त करायला बाहेरून लागतं. मी आत आहे." गेली कित्येक वर्षं हा माणूस लोकांना लिफ्टमधून सोडवतोय, आणि आमच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी स्वतः आत.

मी किल्ली घेतली, दारापर्यंत गेले आणि घर गरगर फिरलं. भिंत धरून खाली बसले. हेडबाईंनी माझ्या हातातली किल्ली काढून घेतली. नवे बूट घातले. पर्समधून एक कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. लायसन्स. त्यावर त्यांचा फोटो, मुख्याध्यापिकेचा चेहरा करून काढलेला.

"पिवळी गाडी," मी म्हटलं.

"पहिल्याच परीक्षेत पास झाले," त्या म्हणाल्या. "चल."

मी बाजूला बसले. त्यांनी आरसे बघितले, पट्टा लावला, आणि ठमी अशी अलगद उचलली की मला कळलंच नाही. पहिल्या वळणावर माझा पाय ब्रेकवर गेला. ठमीने मान टाकली, मागून हॉर्न वाजले. "पाय काढ," हेडबाई म्हणाल्या. दुसऱ्या वळणावर परत. "मी सांगितलं ना, पाय काढ! इतका अविश्वास असेल तर उतर आणि चालत ये." मी दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घालून बसले. या गाडीत मी आजवर कधी मांडी घालून बसले नव्हते.

सिग्नलला विचारलं, "माझ्याकडे का नाही शिकलात?"

"तुझ्याकडे शिकले असते तर आठ दिवसांत घर मोडलं असतं. मी ऐकून घेणारी नाही आणि तू गप्प बसणारी नाहीस." मग रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "गेल्या वर्षी तुझं ऑपरेशन झालं तेव्हा मी गावाकडे फोनजवळ बसून होते. गाडी दाराशी उभी होती, चालवणारं कोणी नव्हतं. तेव्हाच ठरवलं, परत असं बसायचं नाही. तुझ्या नवऱ्याला सगळं माहीत आहे. सांगू नको म्हटलं होतं."

म्हणून तो पुसत होता. सगळं घर लख्ख झालं त्या गुपितापायी. आणि मी काय काय समजत होते! मला इतकी लाज वाटली आणि इतकं हसूही आलं की मी नुसतंच "आई" म्हटलं. त्या म्हणाल्या, "हिरवा झाला," आणि निघाल्या.

डॉक्टरबाईंसमोर मी सगळ्या तक्रारी मांडल्या. नाक, झोप, रडू, मळमळ, चक्कर. म्हटलं, "नवीन कुठला ऑटोइम्यून झालाय ते बघा. गोळी बंद करायची असेल तर करा. पण सोडून द्या एवढं म्हणू नका." डॉक्टरबाई लिहीत होत्या. हेडबाई माझ्या मागे उभ्या होत्या आणि त्यांचं काहीतरी चाललं होतं. मागे वळून बघितलं तर त्या तोंडावर रुमाल धरून हसत होत्या.

"आधी लघवीची तपासणी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आयव्हीएफच्या आधी आम्ही सगळ्यांचीच करतो."

दोन रेघा.

मी म्हटलं, "पट्टी बिघडलेली आहे." त्यांनी दुसरी आणली. तिच्यावरही दोन. मी म्हटलं, "अख्खा डबाच बिघडलेला असेल." हेडबाई म्हणाल्या, "अगं, तूच बिघडलेली आहेस!" आणि पाठीवर असा एक धपका मारला, आयुष्यात कोणी मला इतक्या मायेने मारलं नसेल.

मग आत, अंधाऱ्या खोलीत. डॉक्टरबाई आधी बराच वेळ पोटावर यंत्र फिरवत राहिल्या. माझ्यासारख्या बायकांत गर्भ भलत्याच जागी अडकण्याची भीती असते, ते बघत होत्या. मी छत बघत होते. तेवढ्यात दार उघडलं आणि मिस्त्री. हात काळे, केसांत ग्रीस, एका बुटाची लेस गायब. "वरच्या झडपेतून निघालो," म्हणाला. "काय झालं?"

"जागेवर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. पडदा आमच्याकडे वळवला. राखाडी गोंधळात एक दाणा, आणि त्या दाण्याच्या मध्ये काहीतरी लुकलुकत होतं. भरभर, घाई असल्यासारखं. "ही धडधड."

मी शिकवणारी बाई, मला सतत बोलायची सवय. मी ते लुकलुकणं मोजायला लागले, चुकले, परत मोजायला लागले. मिस्त्रीने माझा हात धरला. ग्रीस लागलं. राहू दे लागलेलं.

हेडबाईंनी विचारलं, "कशामुळे झालं हो हे? गोळीमुळे?"

"खरं सांगू? मला सांगता येणार नाही. थायरॉइड ताळ्यावर आलं, ते कामी आलं असेल. गेल्या वर्षीच्या ऑपरेशनने वाट मोकळी झाली असेल. कदाचित यातलं काहीच नसेल. अजून कच्चे दिवस आहेत, सांभाळून राहायचं. गोळी बंद तर नाहीच, थोडी वाढवायची." मग त्या पडद्याकडे बघत राहिल्या. "मला मात्र दर वेळी एकाच गोष्टीचं नवल वाटतं. हे निम्मं तुमचं आहे, निम्मं परकं. पहारेकऱ्यांच्या दृष्टीने बाहेरचंच. तुमच्या पहारेकऱ्यांनी तर घरच्यांनाही कधी सोडलं नाही. आणि याला आत येऊ दिलं."

मिस्त्री पडद्याकडे वाकला.

मग मिस्त्री म्हणाला, "परकं? निम्मं परकं म्हणजे... मी?"

"शरीराच्या हिशेबाने," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"अहो, लग्न झाल्यापासून घर पुसतोय मी! अजून परकाच?"

माझ्या तोंडून असं हसू फुटलं की पोटावरचं यंत्र घसरलं. त्यात रडूही आलं, तरी हसू थांबेना. पडद्यावर सगळं हलायला लागलं, दाणा गेला, धडधड गेली, नुसत्या लाटा.

"हसू नका हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काही दिसत नाही मला."

"हसू द्या तिला," हेडबाई म्हणाल्या. "ते कुठे जातंय आता?"